आजीच्या माहेराची वाट

या सदराच्या वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला असतो. ‘आमचे घराणे मूळचे दक्षिणेतले. सहा-सात पिढ्यांपूर्वी इकडे आले. गाव कोणते, ते आता कोणालाच सांगता येत नाही. शोध कोठून सुरू करावा?’ इंदूरच्या पत्रात ‘इकडे’ म्हणजे माळवा असतो, बडोद्याच्या पत्रात गुजरात, एवढाच काय तो फरक. आणि बहुतेक पत्रांतले पुढचे वाक्यही ठरलेले असते: मूळ पुरुष मल्हाररावांबरोबर आला, किंवा राणोजींबरोबर, किंवा पिलाजीरावांबरोबर.

या कौटुंबिक समजुतीचा उपहास करण्याचे कारण नाही. पण तिची परीक्षा साध्या हिशेबाने करता येते. पिलाजीराव गायकवाड १७३२ साली डाकोर येथे मारले गेले. राणोजी शिंदे १७४५ साली वारले, मल्हारराव होळकर १७६६ साली. पिलाजीरावांच्या काळाला आता जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. एका पिढीची सव्वीस-सत्तावीस वर्षे धरली तरी आजच्या तरुणापर्यंत दहा-अकरा पिढ्या व्हावयास हव्यात. घरात सहाच नावे पाठ असतील, तर एक तर मधली चार-पाच नावे गळाली आहेत, किंवा मूळ पुरुष बराच मागाहून आला आहे. दुसरी शक्यताच मला पुष्कळदा खरी वाटते. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर लेखणीवर पोट असलेली किती तरी माणसे शिंदे-होळकर-गायकवाडांच्या राज्यांत चाकरी शोधीत आली. त्यानंतर सयाजीरावांच्या कारकिर्दीत बडोद्याला शिक्षक, वकील, कारकून, अभियंते गेले; रेल्वे आणि टपाल खात्याने आणखी काही कुटुंबे विखुरली. घोड्यावरून आलेला पूर्वज मिरवायला बरा, हे मान्य. परंतु आगगाडीतून आलेल्या पूर्वजाचा कागद सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक. तेव्हा प्रथम कालखंड ठरवावा. चुकीच्या शतकात शोधण्यात आयुष्य जाते.

दुसरी गोष्ट ध्यानात धरावयाची ती अशी की, आपला वंश पुढच्यांना कळावा म्हणून फार थोड्यांनी कागद लिहिले. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत कोरवून ठेवला; पण ती राजाची गोष्ट. सामान्यांचा कागद जन्मतो तो देण्याघेण्यातून: सारा भरला, इनाम मिळाले, कर्ज काढले, भाऊबंदकी झाली, पिंड दिले. बडोद्याचेच उदाहरण घ्या. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली, आणि घराण्याच्या दूरच्या शाखा एकाएकी महत्त्वाच्या ठरल्या. नाशिककडील कवळाणे गावी शेती करणाऱ्या शाखेतला बारा वर्षांचा गोपाळराव त्या शोधातून बडोद्याला आला आणि सयाजीराव महाराज झाला. गादीचा प्रश्न उभा राहिला नसता, तर कवळाण्याच्या शाखेची वंशावळ तपासण्याची तसदी कोणी घेतली असती, असे वाटत नाही.

कागद मालमत्तेच्या मागे चालतो हे एकदा पटले की, त्यातली एक मोठी उणीवही दिसू लागते. मालमत्ता पुरुषांच्या नावाने होती, म्हणून कागदही पुरुषांचाच आहे. बायका त्यातून निसटतात. आमच्याकडे तर लग्नात नावही बदलत असे, त्यामुळे माहेरची गोदावरी सासरच्या वंशावळीत शोधावी तर ती तेथे लक्ष्मी होऊन बसलेली. पुष्कळ जण येथे हात टेकतात. माझे मत नेमके उलटे आहे. महाराष्ट्राबाहेरच्या घराण्याला मूळ गावाकडे नेणारी वाट बहुधा एखाद्या आजीच्या किंवा पणजीच्या माहेरावरूनच जाते.

कारण उघड आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थायिक झालेल्या घरांनी सोयरिकी पुष्कळदा पुणे, सातारा, नगर, नाशिक, कोकण या बाजूंना केल्या. आपल्या वाडवडिलांचा गावाशी संबंध तुटला तरी पणजीचे भाऊ तिकडेच राहिले. त्यांची घरे, जमिनी, उपाध्याय, ग्रामदैवत सगळे जागच्या जागी. बोलणी झाली तेव्हा मुलीकडच्यांनी मुलाची चौकशी केली असणारच: मूळचे कोठले, गोत्र कोणते, कुलदैवत कोणते. ‘यादी पे शादी’ हा शब्दप्रयोग आपण थट्टेने वापरतो. पण त्या यादीवर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची नावे आणि गावे लिहिलेली असत. वरपक्षाची प्रत आपल्याकडे हरवली असेल, तर वधूपक्षाची प्रत तिच्या माहेरच्या दप्तरात असण्याचा संभव आहे. म्हणून घराण्याच्या शोधात निघालेल्याने आधी घरात आलेल्या सुनांची माहेरे मांडावीत. आई, आजी, पणजी, चुलत आज्या. प्रत्येकीचे माहेरचे आडनाव, गाव, आणि आज त्या घरातले कोण हयात आहे. आठ-दहा नावे जमली की त्यांतले एखादे दार उघडतेच.

हे शोधण्यासाठी कचेरीत जावे लागत नाही. माळ्यावरची भांडी खाली काढावीत. तांब्याचे हंडे, पितळी पराती, घंगाळे, पातेली यांवर नाव घालण्याची आपल्याकडे फार जुनी चाल. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी तिथी व शक कोरलेला असतो. आजीच्या मामाचे नाव कोणत्याही सरकारी दप्तरात आपल्याला शोधता येणार नाही, ते परातीच्या काठावर सापडते. राख-चिंचेने घासून अक्षरे पुसट झाली असतील, तर तिरप्या उजेडात धरून वाचावीत किंवा वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलके घासावे, अक्षर उठते. आहेराच्या वह्याही अशाच. हिशेब म्हणून त्या लिहिल्या गेल्या, पण कोण कोणत्या नात्याने आले हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही. आणि दुर्दैव असे की, वाडा विकला की रद्दीवाल्याकडे प्रथम जातात त्या ह्याच वह्या, आणि मोडीत निघतात ती हीच भांडी.

त्याहून मोलाची वस्तू म्हणजे पितृपक्षात भटजींपुढे ठेवली जाणारी नावांची चिठ्ठी. महालयात वडील, आजोबा, पणजोबा एवढेच येत नाहीत. आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात. आईकडचे तिघे, म्हणजे तिचे वडील, आजोबा आणि पणजोबा, सपत्नीक येतात. त्यापुढे काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरे हे सर्व आपापल्या नावागोत्रासह. विचार करून पाहावे, ज्या समाजाने वंशावळीत मुलींना जागा दिली नाही, त्याच समाजाने तर्पणात मात्र त्यांची नावे वगळली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत आलेली अशी चिठ्ठी देवघराच्या खणात, पंचांगात किंवा पोथीच्या बस्त्यात असते. ज्या घरी श्राद्धे बंद झाली आहेत त्यांनीही ती चिठ्ठी टाकून देऊ नये. दोन पिढ्यांच्या दोन चिठ्ठ्या मिळाल्या तर एकीचा शेवट दुसरीच्या आरंभाशी जुळवून पाच-सहा पिढ्या लागतात.

कुलदैवताचा धागा सर्वांनाच ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी थोडेच. जेजुरी किंवा तुळजापूर सांगितल्याने गाव कळत नाही, निम्मा महाराष्ट्र तेथे जातो. पण गुहागरचा व्याडेश्वर म्हटले की दृष्टी कोकणाकडे वळते, आणि मंगेश किंवा शांतादुर्गा म्हटले की गोव्याकडे. सोळाव्या शतकात ही दैवतेच आपली मूळ गावे सोडून अंत्रुज महालात आली, हा आणखी मागचा दुवा. मराठा घराण्यांत लग्नातले देवक विचारावे. आडनाव कुलकर्णी, देशपांडे, पाटील असे हुद्द्याचे असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, ते कोणत्या गावचे वतन हे कळेपर्यंत शोध अडून राहतो. बेळगाव बाजूच्या वाचकांना एक सोय अशी आहे जी आम्हाला नाही: तेथे हेळवी लोक घरोघर फिरून पिढ्यांची नावे वाचून दाखवीत आले आहेत. आपल्या घराचा हेळवी कोण, हे वृद्धांना विचारून ठेवावे.

आता कचेऱ्यांकडे वळू. कागदात स्त्री कोठे लपलेली असते याच्या काही खुणा आधीच ओळखून ठेवल्या पाहिजेत. जुन्या मराठी कागदांत मुलगा ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दाने बापाशी जोडलेला असतो. बायकोसाठी ‘कोम’ हा शब्द येतो. माळव्यातल्या आणि निजामी मुलखातल्या कागदांत ‘जौजे’. हे शब्द डोळ्यांत बसले की आतापर्यंत नुसत्या चाळलेल्या पानांतून आज्या-पणज्या पुढे येऊ लागतात. जमिनीच्या उताऱ्यावर ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे दिसली तर थांबावे. ती अज्ञान पालनकर्त्याची खूण आहे. बाप लवकर गेला, मुले लहान राहिली, आणि आईचे नाव सरकारला प्रथमच लिहावे लागले. विधवेची पोटगी, दत्तकाची परवानगी, दिरांशी झालेला वाटणीचा दावा, हे सगळे कागद दुःखाचे असतात. पण ज्या बाईची एरवी एक ओळही उरली नसती तिचा अंगठा किंवा तिची निशाणी तेथे असते.

गोव्याच्या वाचकांची स्थिती या बाबतीत निराळी आणि सुदैवाची. तेथे १८७० पासून पोर्तुगीज दिवाणी कायदा लागू झाला आणि मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळू लागला. त्यामुळे वाटणीच्या कागदांत मुली आणि जावई नावानिशी येतात. उरलेल्या भारतात हिंदू मुलीला वारसाहक्क देणारा कायदा १९५६ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे गोव्याच्या कागदांची किंमत कळेल. शिवाय देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदवह्या आणि गावकारीचे दप्तर आहेच, मात्र तेथे पुन्हा पुरुषच. बडोद्याचेही एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे शिक्षण सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर नेले, आणि ते मुलींनाही लागू होते. साहजिकच त्या काळच्या शाळांच्या नोंदवह्यांत मुलीचे माहेरचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख मिळू शकते. आणि माहेरचे नाव हाच तर आपला हरवलेला दुवा! संस्थानच्या ‘आज्ञापत्रिके’त नेमणुका, बदल्या, रजा छापून येत, त्यावरून नोकरदार पूर्वज कोणत्या साली कोठे होता ते लागते.

महाराष्ट्रातील गाव कळले असेल तर तालुक्याच्या दप्तरात गाव नमुना १४, ज्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात, तो आहे का ते विचारावे. त्यात जन्ममृत्यू टिपलेले असतात. इनामदार, वतनदार घराण्यांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याच्याकडे इनाम होते त्याला आपला हक्क वंशावळीसह सिद्ध करावा लागला. त्या वंशावळी सोन्यासारख्या आहेत, पण कसाला लावूनच घ्याव्यात. हक्क टिकवण्यासाठी लिहिलेल्या वंशावळीत प्रतिस्पर्धी भाऊबंदाची शाखा गाळण्याचा मोह कोणाला होत नसेल? म्हणून एकाच घराण्याच्या दोन शाखांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. सरदेसायांनी या दफ्तरातून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड काढले, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून छापली. ते खंड चांगल्या ग्रंथसंग्रहालयांत आहेत. त्यांतील नावांच्या सूच्या आधी चाळाव्यात आणि मगच पुण्याचे तिकीट काढावे. होळकर-शिंद्यांच्या दप्तरांसाठी मध्य प्रदेशाचे, बडोद्यासाठी गुजरातचे, निजामी मुलखासाठी हैदराबादचे पुराभिलेखागार; शेवटच्या ठिकाणी फारसी-उर्दू जाणणारा सोबती लागेल.

आणि सर्वत्र मोडी. २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शासकीय शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा तुटवडा गावोगाव जाणवला. ज्या लिपीत आपल्या पणजोबांनी हिशेब लिहिला ती वाचायला आज माणूस शोधावा लागतो. पण ही लिपी वाटते तितकी अवघड नाही. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, एवढे अंगवळणी पडले की घरगुती कागद दोन-तीन महिन्यांच्या सरावाने लागू लागतो. महाराष्ट्राचे पुराभिलेख खाते तिचे वर्ग घेते.

तिथीपुढे आलेल्या अरबी शब्दांनी मात्र घाबरून जाऊ नये. तो सुहूर सन, आणि तो अंकांऐवजी अक्षरांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात सहाशे मिळवले की १७६१, पानिपताचे साल. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरच्या तारखांना सहाशेऐवजी ५९९ मिळवावेत. शालिवाहन शकात ७८ मिळवावेत. माळवा-गुजरातच्या कागदांवर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करावेत. गुजरातेत तो कार्तिकात बदलतो एवढे सांभाळावे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांविषयी वाचकांचा उत्साह मोठा आहे आणि तो योग्यच आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार या ठिकाणी गेलेला यात्रेकरू आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे नाव आणि गाव आपल्या हाताने लिहून येई. माळव्यात येऊन पहिलीच पिढी झालेल्या माणसाने तेथे ‘मूळ गाव अमुक, हल्ली वस्ती इंदूर’ असे लिहिले असेल तर आपला सारा शोध त्या एका ओळीत संपतो. परंतु तेथे जाऊन नुसते आडनाव सांगून भागत नाही. वह्या गावांवर आणि ज्ञातींवर लावलेल्या असतात. गावच ठाऊक नसेल तर उपाध्याय तरी काय करणार? म्हणून आजीच्या माहेरचा उपाध्याय कोण, हे आधी विचारावे. तिची आई, तिचे वडील यात्रेला गेले असतील तर लेक-जावई बरोबर असण्याचा पुष्कळ संभव, आणि मग आपल्या पणजोबांची सही दुसऱ्याच घराण्याच्या वहीत निघते.

छापील कुलवृत्तांताविषयी माझे मत थोडे कडू आहे. ज्यांनी हे ग्रंथ सिद्ध केले त्यांचे श्रम अफाट. पण ते पत्रव्यवहारावर रचले गेले. ज्याने उत्तर पाठवले तो आला. बाहेर गेलेल्या शाखेपुढे ‘माळव्यात गेले’ एवढे तीन अक्षरांचे गाव, आणि पुढे कोरा कागद. जुन्या आवृत्त्यांत मुली ‘कन्या ३’ अशा आकड्याने दाखवल्या आहेत. त्या तिघींना नावे होती, घरे होती, आणि त्यांच्या नातवंडांपाशी कदाचित आपल्याला हवे ते कागद आहेत. कुलवृत्तांतात आपली शाखा सापडली नाही म्हणजे ती त्या कुळातली नाही, असे मुळीच मानू नये.

एका भगिनींनी विचारले आहे की, मुलींची संतती आपल्या वंशावळीत लिहावी का, घरातल्या वडीलधाऱ्यांचा त्याला विरोध आहे. लिहावी. वडीलधाऱ्यांना वाटल्यास त्यासाठी वहीचे उजवे पान वेगळे ठेवावे, डाव्या पानावर त्यांची जुनी पद्धत चालू द्यावी. प्रत्येक सुनेपुढे तिचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव ही तीन घरे सोडावीत, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी सांगितली वा कोणत्या कागदावरून घेतली ते व दिनांक लिहावा. ऐकीव गोष्ट पेन्सिलीने, कागदावर पाहिलेली शाईने. मूळ कागद कोणालाही नेऊ देऊ नयेत. मोबाईलवर छायाचित्र काढून द्यावे. पारदर्शक आवरणात ते कायमचे चिकटवून टाकण्याची जी चाल पडली आहे तीही टाळावी, कारण पुढे ते आवरण कागदासकटच निघते.

पुढील अंकी मोडीतील एका जुन्या लग्नयादीचा नमुना अक्षरशः वाचून दाखवण्याचा विचार आहे. ज्यांच्या घरी अशी यादी असेल त्यांनी तिचे स्पष्ट छायाचित्र संपादकांकडे पाठवावे.